रेती म्हणून भरलेले तांदूळ

नागभीडजवळच्या एका खेड्यात गोकुळाबाई राहतात. निम्म्या गावाची पोलकी त्यांच्या पायमशीनवर शिवली जातात. शिवायला घेतलेलं कापड त्या आधी गालाला लावून पाहतात आणि मगच कात्री उचलतात.

त्यांचे यजमान इस्तारीभाऊ जातीचे ढिवर. चाळीस हिवाळे त्यांनी गावतलावाच्या पाण्यात काढले. पहाटे जाळं ओढायचं आणि दिवाळीनंतर छातीभर पाण्यात उभं राहून शिंगाडे तोडायचे. चौसष्टाव्या वर्षी गुडघे आखडले. गेल्या मार्गशीर्षात तर खाटेवरून अंगणापर्यंत भिंत धरल्याशिवाय जाता येईना. दुखण्याच्या गोळ्यांनी मूत्रपिंडं बिघडू लागली, म्हणून डॉक्टरांनी त्याही बंद केल्या.

गावातली आशाताई साधना म्हणाली, “काकू, शेकाची थैली शिवा. तांदूळ भरा, तव्यावर गरम करा, गुडघ्यावर ठेवा. थैली थंड झाली का पुन्हा गरम करा. महिनोन्‌महिने चालते.”

गोकुळाबाईंनी जुन्या सुती लुगड्याचं दुहेरी कापड घेतलं, कारण टेरिकॉट तव्याला चिकटतं. तांदूळ एका टोकाला जमू नयेत म्हणून मध्ये तीन टिपा घालून चार कप्पे केले. प्रत्येक कप्पा थोडा रिकामा ठेवला, म्हणजे थैली गुडघ्याभोवती नीट बसेल. गरम थैली मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिली आणि मग त्या खाटेपाशी गेल्या.

“काय भरलं यात?” इस्तारीभाऊंनी विचारलं.

“तांदूळ.”

त्यांनी पाय झटकन मागे घेतला. “अन्नाले पाय लावू काय वं?”

“पायाले नाई, गुडघ्याले लावून राह्यली मी.”

“गुडघा काय डोस्क्यावर उगवते?”

या घरात धान पाखडताना चुकून दाण्याला पाय लागला, तरी दाणा उचलून कपाळाला लावतात. गोकुळाबाईंनी थैली उचलून ठेवली. आठ दिवस इस्तारीभाऊ कुशीवर वळतानाही दात आवळत होते. नवव्या दिवशी गोकुळाबाईंनी त्यांच्यासमोर थैली उसवून तांदूळ सुपात ओतले. मग रांधणीत चुलीजवळच्या मशीनपाशी जाऊन तेच तांदूळ पुन्हा भरले, आणि त्यात निर्गुडीचा वाळलेला पाला चुरून घातला. पाला औषधी खरा, पण त्यांना तो हवा होता तो गरम तांदळाचा वास झाकायला.

“रेती भरली आता. नदीची,” त्या म्हणाल्या.

“रेती इतकी हलकी?”

“चाळून घेतली.”

एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याशी खोटं बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ. बोलताना त्यांनी चुलीकडे पाहिलं.

शेकाचा गुण आला. तिसऱ्या आठवड्यात इस्तारीभाऊ काठी टेकत तलावाच्या पाळीपर्यंत, त्या मातीच्या बांधापर्यंत गेले. पाळीवर बसून भेटेल त्याला सांगू लागले, “आमच्या हिनं रेतीलेबी कामाले लावलं! मी तं उरलोच होतो बसून.” लोक हसत, कौतुक करत. ते कौतुक घरी आलं की गोकुळाबाईंना जेवण जात नसे.

धानकापणीपासून शेजारच्या कमळाबाईंची कंबर धरली होती. त्यांनी पाळीवर ऐकलं आणि घरीच रेतीची थैली शिवली. चौथ्या दिवशी त्या लुगडं सावरत गोकुळाबाईंच्या अंगणात आल्या. कमरेवर तळहाताएवढा फोड होता.

“तू करते तसंच केलं व बाई. दहा मिनिटं तव्यावर, पालटत पालटत. काऊन भाजलं मग? माही रेती येगळी हाय का?”

इस्तारीभाऊ खाटेवर बसले होते, गुडघ्यावर थैली होती. गोकुळाबाईंनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा त्या फोडाकडे पाहिलं. दहा मिनिटं तांदळाला पुरतात. रेती तेवढ्यात चटका देणारच.

“तुही रेती बराबर हाय, कमळा,” त्या म्हणाल्या. “माह्या थैलीत रेती नाई. तांदूळ हाय. पैल्यापासून.”

इस्तारीभाऊंनी थैली गुडघ्यावरून उचलली, जाळ्याच्या सुरीनं एक कप्पा उसवला, मग उरलेले तीन. तांदूळ पंच्यात घेतले, कपाळाला लावले आणि काठी घेऊन निघाले. तलावाच्या काठावर उभं राहून त्यांनी मूठमूठ तांदूळ माशांना टाकले. तेवढं चालून गुडघे पुन्हा सुजले. परत येताना दोनदा रस्त्यात बसावं लागलं.

दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. गोकुळाबाई कमळाबाईंच्या फोडाला खोबरेल लावून यायच्या, स्वयंपाक करायच्या, ताट समोर ठेवायच्या. ते उठून जेवायचे आणि पुन्हा भिंतीकडे वळायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते म्हणाले, “रंजीताच्या घरी जवस आला असन. थैलीत भराले तो चालन.” रंजीता ही त्यांची ब्रह्मपुरीकडे दिलेली मुलगी.

“जवसबी खातोच ना आपण. चटणी करतो.”

“खातो. पर त्याची पूजा नाई करत.” गुडघा चोळत म्हणाले, “मी निभावून घेईन. तू माह्यासमोर भर, बस.”

दोन दिवसांनी जवस आला. गोकुळाबाईंनी मशीन रांधणीतून ओढत खाटेजवळ आणून मांडली. कप्पा भरताना दरवेळी त्या मूठ उघडून त्यांना दाखवत होत्या. पहिल्या तीन मुठी इस्तारीभाऊंनी निरखून पाहिल्या. चौथ्या वेळी त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी पाय लांब केला आणि म्हणाले, “कर आता बंद. लय थंडी हाय.”