आईच्या कानातली शीळ

लसणाचं तेल कढवताना वास सुटला की कोल्हापूरच्या महाराजांच्या कारकिर्दीतली ती दुपार आठवते. आईच्या कानात शीळ वाजायची आणि पाठोपाठ घर फिरायचं. आमच्या कोडोलीतले वैद्य कानात लसणाचं तेल घालून हरले, गावानं बाहेरची बाधा ठरवली. शेवटी वडिलांनी दुभती म्हैस विकून तिला कोल्हापुरात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या दुपारी त्यांनी कानात गार पाणी सोडलं, तशी निपचित पडलेल्या आईची बुबुळं आपोआप एका बाजूला सरकू लागली, जणू भिंतीवरून पळणाऱ्या कुणाला ती बघत होती. "बाधा नाही, कानाचाच रोग आहे," डॉक्टर म्हणाले. "मग शीळ कोन घालतंय?" आईनं विचारलं. त्यांनी तिचा कान पुसून औषध लिहून दिलं. वर्षभरात चक्कर थांबली, पण तो कान बहिरा झाला. "आता त्यात शीळच तेवढी ऐकू येती की," ती म्हणायची. मी आता तिच्या तेव्हाच्या वयाची झालेय. घर निवांत झालं की श्वास रोखून कान देते.