नव्या पाण्यातले अठरा मासे

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं कुठलं म्हणणं तुम्ही शेवटचं हसून उडवून लावलंत? आठवत नाही ना? मलाही आठवायला अठरा मासे मरावे लागले.

मी पत्रकांवर वाढले. मामा अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे आमच्याकडे आणून टाकायचा आणि शाळेत असल्यापासून मी ती जत्रेत वाटायचे. पुढे स्वतः लिहू लागले. अंजूरला आमच्या घरामागचं तळं गोडाऊनसाठी बुजवायला निघाले, तेव्हाचं ‘तळं वाचवा’ हे पत्रकही माझंच. तळं वाचलं नाही. भराव पडला, वर निळे पत्रे चढले, आणि त्या तळ्यात जन्मभर मासे सोडणारे, पाळणारे, काढणारे माझे बाबा बोलेनासे झाले. आजार काही नव्हता. मागच्या दारी खुर्ची टाकून पत्र्यांकडे बघत बसायचे. जेवायला हाक मारली की उठायचे, पुन्हा तिथेच.

मला नोकरी लागल्यावर मी ठरवलं की त्यांची खुर्ची घरात वळवायची. माशांची टाकी आणायची.

भिवंडीतला दुकानदार म्हणाला, “कम्युनिटी टँक घ्या मॅडम. सब मिल के रहते हैं, कोई किसी को नहीं खाता.” मी तर लगेच भाळले. वेगवेगळ्या जातीचे मासे एका पाण्यात, याहून चांगली टाकी माझ्यासारखीला कुठली मिळणार! काच, फिल्टर, पांढरी खडी, प्लॅस्टिकची झाडं, सगळं घेतलं. त्याने वर एक निळी बाटली दिली. “हे थेंब टाका, क्लोरीन खल्लास. आज टँक, आजच मछली.” सहा निऑन, सहा गप्पी, चार मॉली, दोन एंजल, असे अठरा मासे. फुगवलेल्या पिशव्या मांडीवर सांभाळत मी रिक्षाने घरी आले.

टाकी भरली, थेंब टाकले, पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. बाबा आपणहून आत आले. काचेला नाक लागेल इतके वाकले.

“पानी कवा भरलंस?”

“आत्ताच.”

“मंग नको सोडू. नव्या पान्यात मासा न्हाय सोडाचा, बाय. मासं देऊन ये परत. महिनाभर पानी नुस्तं राहू दे. जुन्या तळ्यातली मूठभर माती टाक. पानी जितं झालं की सोड.”

कित्येक महिन्यांत ते एका दमात इतकं बोलले नव्हते. मला त्यातलं काय ऐकू आलं? मूठभर माती. जितं पाणी. ज्याच्याविरुद्ध मी पत्रकं वाटली, तेच माझ्या घरात उभं राहून बोलतंय असं वाटलं.

“मग नारळही फोडूया का बाबा? पाण्यात जीव घालायला मंत्र कुठला म्हणायचा तेही सांगा.”

आई हसली. “घ्या! लेक मास्तरीण झाली तुमची.”

“मंत्र कवा सांगितला मी?” एवढंच म्हणून बाबा मागच्या दारी गेले.

मी पिशव्यांतले मासे पाण्यात सोडले.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंडं काढून हवा गिळू लागले. चौथ्या दिवशी निऑन गेले, मग गप्पी. एंजलचे कल्ले लाल झाले होते. पाणी मात्र शेवटपर्यंत लख्ख, पिण्याजोगं दिसत होतं. मी दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला, “नई मछली ले जाओ, सेट हो जाएगा.” आठवड्यात अठराही गेले. मेलेले मासे जाळीने मीच उचलले. बाबांनी एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हटलं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मग मी वाचलं. घ्यायच्या आधी वाचायला हवं होतं. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, दिसत नाही, पण मारतो. तो खाणारे जिवाणू खडीत आणि फिल्टरमध्ये वाढायला काही आठवडे लागतात. म्हणून जाणते लोक टाकी आधी माशांशिवाय चालू ठेवतात आणि जुन्या टाकीतली मूठभर खडी नव्या टाकीत टाकतात.

मूठभर.

मी मागच्या दारी गेले. “बाबा, ती माती कुठून आणू?”

त्यांनी निळ्या पत्र्यांकडे हात केला. एक कंटेनर गेटातून मागे येत होता. “काढ त्याच्याखालून,” म्हणाले, आणि मान वळवली.

त्या तळ्यावर मी पानभर पत्रक लिहिलं होतं. पर्यावरण, हक्क, भांडवल, सगळं होतं त्यात. तळ्याच्या तळाशी काय राहतं, हे ज्याला ठाऊक होतं त्याला मी एकही प्रश्न विचारला नव्हता. तो माणूस त्याच घरात जेवत होता.

आता दुकानदाराच्या जुन्या टाकीतली खडी मागून आणलीय. टाकी माशांशिवाय चालू आहे. मी रोज विचारते, “बाबा, पाणी झालं का हो?” ते म्हणतात, “तू शिकलेली हायस, तूच बघ.”

तुम्ही टाकी आणणार असाल तर महिनाभर तिच्यात मासा सोडू नका. आणि त्या महिन्यात घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाजवळ वही घेऊन बसा. तुमच्या गावचं तळं कुठे होतं, त्यात काय जगत होतं, ते विचारा आणि ते सांगतील त्याच शब्दांत उतरवून घ्या. आजच बसा. ते अजून बोलतायत तोवर.