अठ्ठावीस ए

बसण्याच्या बाबतीत माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस सबंध वसई तालुक्यात सापडायचा नाही. बसणं म्हणजे मित्रमंडळी संध्याकाळी चखणा आणून करतात ते बसणं नव्हे. त्या खात्यात मामा अगदीच कच्चे, एका बिअरमध्ये पेंगायला लागतात. मी म्हणतोय ते निव्वळ बूड टेकण्याबद्दल. तुम्ही-आम्ही खुर्ची दिसली की बसतो. मामा आधी खुर्चीभोवती एक फेरी मारतात, वर पंखा बघतात, मग दार कुठे आहे, ऊन कुठून येतंय आणि माणसं कुठून येणार आहेत याचा अंदाज घेतात, आणि मगच बसतात. दाताच्या डॉक्टरकडे गेले तेव्हा दाढ ठणकत असताना त्यांनी आधी बाहेरच्या तिन्ही बाकांवर बसून पाहिलं होतं. मी मूळचा फलटणकडचा. नोकरीपायी गोखिवऱ्यात फ्लॅट घेतला आणि लग्नापायी नंदाखालचा जावई झालो. मामा मला जावईबापू म्हणतात, पण त्यात मानापेक्षा दयाच जास्त असते, कारण मी कुठेही बसतो.

लग्नाच्या मांडवात तर मामांबरोबर जाणं म्हणजे परीक्षाच. बँडपासून लांब, पण वाढप्यांच्या वाटेवर. पंख्याखाली नको, कारण ताटातले पापड उडतात. जवळ लहान मुलांचं टेबल नको आणि खांब तर मुळीच नको. एकदा आगाशीला एका लग्नात त्यांनी आम्हाला चार वेळा उठवलं. पाचव्या ठिकाणी टेकलो तोवर गरम वडे संपले होते, असं मी चिडून म्हणालो. त्यावर मामा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, वडे उद्याही मिळतील. ही झुळूक मिळणार आहे का?" झुळूक होती खरी. पण झुळुकीने पोट भरत नाही, हे मी भाचेजावई असल्यामुळे बोललो नाही.

शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, हेही या वेडाला खतपाणी घालणारं. अर्नाळ्याच्या एसटीत चढताना कुठल्या वेळेला कुठल्या बाजूला ऊन येणार हे त्यांना तोंडपाठ. चढले की सावलीच्या बाजूची खिडकी हेरायची, तिथे मामींना बसवायचं, खिडकीची काच अर्धी सरकवून द्यायची आणि मग स्वतः आपल्यासाठी दुसरी उत्तम जागा शोधायला निघायचं. कारण त्यांच्या सिद्धांतानुसार कुठल्याही गाडीत उत्तम जागा ही सुटी असते, ती जोडीने येत नाही. मामी सावलीत बसलेल्या, शेजारी कोणीतरी कोळीण नाहीतर कॉलेजचा पोरगा, आणि मामा पार पुढे ड्रायव्हरच्या मागे. उतरताना मात्र मामा विचारणार, "लागलं नाही ना ऊन?" मामी म्हणणार, "नाही लागलं." इतका संसार मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे आणि त्यात काही उणं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

पण मामांच्या विद्येचं खरं शिखर म्हणजे विमान. नंदाखाल, निर्मळ, आगाशी या पट्ट्यात घरटी एकजण तरी परदेशात आहे. कोणी कुवेतला, कोणी ऑस्ट्रेलियात, कोणी कॅनडात. मामा स्वतः दोनदा कुवेतला भावाकडे जाऊन आले आणि तेवढ्या शिदोरीवर लांबच्या विमानाचे अधिकारी पुरुष होऊन बसले. तिकीट हातात पडलं की लोक आधी चर्चमध्ये मेणबत्ती लावतात आणि नंतर मामांकडे येतात. मामा पृथ्वीचा गोल काढतात, बॅटरीचा सूर्य करतात, आणि विमान उत्तरेकडून जाताना पहाट कुठल्या बाजूने तोंडावर येईल ते दाखवतात. मग नियम सुरू होतात. संडासाजवळची जागा नको, रांगेतले लोक तुमच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहतात. भिंतीसमोर पाय पसरता येतात खरे, पण तिथेच बाळांचे पाळणे टांगतात. शेवटच्या रांगेची पाठ मागे जात नाही आणि जेवणाची गाडी तिथे पोचते तेव्हा उरलेलंच मिळतं. पंखाजवळ हेलकावे कमी. आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे मधली जागा. त्यातही रुंद विमानात मधल्या चौघांतली मधली. "तिथे माणूस बसत नाही," मामा म्हणायचे, "तिथे माणसाला ठेवतात."

नुसतं सांगून भागत नसे, सरावही असे. ओटीवर दोन खुर्च्या एकामागे एक मांडायच्या, मागच्या खुर्चीत प्रवाशाला बसवायचं, गुडघा आणि पुढची पाठ यांत मूठ जाते का बघायचं. पुढच्या खुर्चीत मामी. मामांनी खूण केली की मामींनी पाठ मागे रेलायची, म्हणजे पुढचा प्रवासी झोपला की काय होतं ते कळावं. आणि अशा अवस्थेत एक अख्खी रोझरी होईपर्यंत हलायचं नाही. कंपनीने मला जर्मनीला पाठवलं तेव्हा मीही त्या खुर्चीत बसलो आहे. मला जपमाळ येत नाही म्हणून मामींनी माझ्यासाठीही म्हटली, तीही मागे रेलून. त्या सरावाने माझी कंबर जी धरली ती जर्मनीहून परत येईपर्यंत सुटली नाही. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "बघा, विमानात नवीन काही दुखलं नाही ना?"

इतक्यांना विमानात नीट बसवून दिलं, पण खुद्द मामी मात्र कधी विमानात बसल्या नव्हत्या. भीती वाटायची. उगाच नाटकी भीती नव्हे. विमान डोक्यावरून गेलं तरी त्या हातातलं काम थांबवून उभ्या राहायच्या. त्यांची एकुलती लेक लिझा कॅनडात. ती बाळंत झाली तेव्हाही मामी गेल्या नाहीत, जावयाची आई गेली, आणि त्या दिवसांत मामी कुणाशी धड बोलत नव्हत्या. शेवटी लिझाने फोनवर सांगून टाकलं, "मम्मी, तू येऊन हातात घेतल्याशिवाय मी बाळाचा बाप्तिस्मा करणार नाही. मोठा होऊन शाळेत जाऊ दे तसाच." तिसऱ्या दिवशी मामी आमच्यासमोर मामांना म्हणाल्या, "येते मी. पण एकच सांगते. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. सगळा वेळ."

मामा म्हणाले, "अगं, शेजारीच. मी काय पायलटजवळ बसणार आहे?" आणि मग तीन जागांची रांग कागदावर काढून त्यांनी आपली युक्ती समजावली. तू खिडकीशी, ए. मी वाटेच्या कडेला, सी. मधली बी मुद्दाम सोडायची. दोघांच्या मध्ये एकटं येऊन बसायला कुणालाच आवडत नाही, त्यामुळे ती रिकामी राहते आणि तीन जागा दोघांत मिळतात. जगातली शहाणी जोडपी असंच करतात. मामी कागदाकडे बघत म्हणाल्या, "आणि आला कुणी तर?" मामा म्हणाले, "येत नाही." मामी म्हणाल्या, "रिकाम्या खुर्चीला शेजार म्हणत नाहीत." पण त्या हळू बोलतात आणि मामा तेव्हा गोल फिरवत होते.

जागा निवडायची सोय प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडायची होती. नेमक्या त्याच वेळी मामांच्या घरी निरोपाची प्रार्थना. फादर आलेले, ओटीभर नातेवाईक, त्यातून सटकणं शक्य नाही. म्हणून हे काम माझ्या बायकोकडे आलं. ती गोखिवऱ्याला आमच्या सोफ्यावर मोबाईल घेऊन बसली आणि मामा मागच्या विहिरीपाशी केळींत उभे राहून तिच्याशी फोनवर बोलू लागले. आता इथे एक सांगायला हवं. माझी बायको जन्माने नंदाखालची असली तरी अंधेरीच्या ऑफिसात राहून तिची मराठी मुंबईची झाली आहे. तिच्या तोंडी 'आहे' उरलेलंच नाही, नुसता 'ए' उरला आहे. काय ए, कुठे ए, भूक लागली ए. मामींची अट तिला माहीत होती, मामांची युक्ती माहीत नव्हती. जोडून जागा असलेली एकच रांग तिला दिसली आणि ती म्हणाली, "मामा, एकच रांग ए. अठ्ठावीस ए."

फोनच्या स्पीकरवर मामांच्या मागे ओटीवर चाललेलं गाणंही ऐकू येत होतं. मामा हर्षाने म्हणाले, "अठ्ठावीस ए? बाय, सोनं सापडलं तुला. पंखाच्या पुढची. घे. आणि दुसरी?"

"दुसरी पण अठ्ठावीसच ए."

"दोन्ही ए कशा असतील? दुसरी सी म्हण."

"हो, सीटच म्हणते मी. दोन्ही जोडून ए. घेऊ ना?"

"घे घे. फादर उठले," म्हणून मामांनी फोन ठेवला. मी शेजारीच बसून ऐकत होतो आणि मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. नवरा-बायको एका रांगेत जोडून बसणार, यात वावगं ते काय?

मोबाईलवरच्या पासवर मामांचा विश्वास नाही, त्यांना कागदच लागतो. तो कागद विमानतळावर खिडकीतल्या मुलीने हातात दिला तेव्हा त्यांनी चष्मा लावून वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. अठ्ठावीस ई आणि अठ्ठावीस एफ. मधल्या चौघांतल्या मधल्या दोन. आम्ही पोचवायला गेलो होतो, कठड्याच्या अलीकडून मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, पण पाठही पडलेली दिसू शकते. ते त्या मुलीशी बराच वेळ बोलले. ती दर वेळी मान हलवून नाही म्हणत होती, विमान भरलं होतं. मामी शांतपणे पर्स पोटाशी धरून उभ्या. मग मामांनी आमच्याकडे वळून बायकोला नुसतं बोट दाखवलं. फाशी जाताना माणूस फितुराला दाखवेल तसं. बायको मला म्हणाली, "अहो, मी काय केलं? मी फक्त रांग सांगितली." घरी येईपर्यंत ती हेच म्हणत होती.

तीन महिन्यांनी दोघं परतली. बाप्तिस्म्याचे फोटो, मेपलचं सरबत, बाळाचं जावळ, सगळं आमच्या टेबलावर पसरलं गेलं. मामा आल्यापासून विमानाबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. तेव्हा मी, जरा खवचटपणेच, मामींना विचारलं, "मग, प्रवास कसा झाला?" मामी सांगायला लागल्या. मामांच्या पलीकडे एक दांडगा गृहस्थ, त्याने बूट काढलेले. मामींच्या पलीकडे एक मुलगी, तोंडावरून पांघरूण घेऊन झोपली ती उतरतानाच उठली. म्हणजे दोघांना कुठेही हलायला वाव नाही. विमान उडालं तेव्हा मामींनी मामांचा हात धरला, नखं रुतली तरी मामा काही बोलले नाहीत. मग जेवण येईपर्यंत ते फुगून बसले होते. "मग जेवले आणि बोलायला लागले," मामी म्हणाल्या. "जागांबद्दल नाही. आपल्या आईबद्दल बोलले. लिझा लहान असताना तिला गोवर आला होता त्याबद्दल बोलले. दुसरं करणार काय, उठताच येत नव्हतं. आणि बोलता बोलता माझ्या खांद्यावर झोपले. मी नाही झोपले. हलले असते तर जागे झाले असते."

मामा म्हणाले, "मान धरली होती माझी दोन दिवस."

"धरू दे," मामी म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता, त्या बाळाचे फोटो गोळा करत बोलत होत्या. "जागा मला जन्मभर चांगल्याच दिल्यात तुम्ही. ऊन लागू दिलं नाही की वारा लागू दिला नाही. पण शेजारी दर वेळी परकं माणूस. मी कुणाला सांगू, ते बघा बाहेर काय सुंदर दिसतंय?"

माझी बायको उठून उगाच चहा टाकायला गेली, चहा नुकताच झाला होता तरी. मला वाईट वाटलं. दोघांचंही वाटलं. उभ्या जन्मात त्या माणसाने बायकोसाठी सावली शोधण्यात कसूर केली नव्हती आणि तिला नेमकी सावलीच नको होती.

आता दोन-अडीच वर्षांनी पुन्हा जायचं ठरलं आहे. लिझाला दुसरं बाळ झालंय. मामींचे गुडघे गेले आहेत, आणि डॉक्टरने सांगितलंय की लांबचा प्रवास काय तो आताच करून घ्या. परवा मामा नंदाखालहून वेलची केळ्यांचा घड घेऊन आमच्याकडे आले आणि बायकोच्या शेजारी बसून मोबाईलमध्ये बघू लागले. या वेळी तिने प्रत्येक अक्षर इंग्रजीत स्पेलिंगसकट उच्चारलं. मामींसाठी त्यांनी खिडकी घेतली. त्या आता भीत नाहीत, ढग बघायचे म्हणतात. मग मामांनी स्वतःसाठी बोट टेकवलं ते बी वर. बायको म्हणाली, "मामा, ही मधली ए. कडेची सी मोकळी ए." मामा म्हणाले, "दिसतंय मला. बी घे. आणि परतीचीही तशीच घे, पुढे आता किती जाणं होणार आहे."

तेवढ्यात मामींचाच फोन आला. मामा उठून आमच्या गॅलरीत गेले. "मिळाली गं खिडकी तुला," ते म्हणाले. पलीकडून मामींनी काहीतरी एवढंसं विचारलं, ते आम्हाला ऐकू आलं नाही.

"हो गं," ते म्हणाले, "शेजारी मीच आहे."