पडदा पडल्यावरचं स्वगत

नात पुण्याला सिनेमाचं शिकते. दिवाळी झाल्यावर ती कॅमेऱ्याची पेटी पाठीला लावून लातूरला आली, ती एका दिवसासाठी. वर्गातल्या सगळ्यांना एकच काम दिलेलं होतं. एका जुन्या शोकांतिकेतला राजपुत्र एकटाच उभा राहून, हे जगणं कशासाठी सोसायचं, असं स्वतःला विचारतो. ते स्वगत ज्यानं त्यानं आपल्या डोक्यानं चित्रित करायचं.

"माझा राजपुत्र तू," ती म्हणाली.

"गुडघ्याला पट्टा बांधलेला?"

"पट्ट्यासकट."

आधी तिनं लॅपटॉपवर कोणकोणत्या देशांतले सिनेमे दाखवले. एका दिग्दर्शकानं राजपुत्राचे ओठ मिटलेलेच ठेवले होते, आवाज तेवढा मागून. एकानं त्याला भर बाजारात चालवलं, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. एकानं तर कॅमेरा सगळा वेळ त्याच्या पाठीवर रोखला. तोंड काही दिसलंच नाही.

"आजी, खरा प्रश्न असा की तो बोलतो कोणाशी? माझं म्हणणं, कोणाशीच नाही."

मी हसले. यजमान गेल्यापासून मी या फ्लॅटमध्ये एकटी आहे. कोणाशीच न बोलणं म्हणजे काय ते मला विचार की! मी कुकरशी बोलते, उशिरा येणाऱ्या नळाशी भांडते. कोणाशीच नाही असं कधी नसतं.

शिवाय हा राजपुत्र मी एकदा झाले होते. नांदेडला, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. काजळाची मिशी, भावाचा कोट, कमरेला पत्र्याची तलवार. तेव्हाची ती मी आज रस्त्यात भेटले तर मी फुटपाथ बदलीन! मुंबईचा कुणी निर्माता मागच्या रांगेत बसलाय अशी तिची खात्री होती. मागच्या रांगेत प्राध्यापकांच्या बायका शेंगा सोलत होत्या.

स्वगताच्या मधोमध मी कपाळाला हात लावला आणि गप्प झाले. माझ्या मते तो फार थोर विराम होता. पण आमच्या गॅदरिंगच्या नाटकांत शेवटाची खूण तीच असायची: नायकानं कपाळाला हात लावला, गप्प झाला, की पडदा. पडद्याच्या दोरीवर नेमलेल्या पोरानं इमानदारीनं पडदा पाडला. बाहेर टाळ्या सुरू. आणि मी येडी, पडद्याच्या आत उरलेलं अर्धं स्वगत म्हणायलेच! पोरगा दोरी धरून विंगेत उभा. संपल्यावर हळूच म्हणाला, "लई भारी म्हणलात. चुकलं माझं."

पुढं त्याच्याशीच लग्न झालं. ते स्वगत पुरं ऐकलेला जगात तेवढाच एक माणूस.

हे मी नातीला सांगितलं नाही. मला दुसरीच काळजी लागली होती. एक टेक चांगला झाला की पोरगी पेटी भरणार, बस धरणार आणि घर पुन्हा माझ्या अंगावर येणार. म्हणून मी चुकायचं ठरवलं.

पहिल्या टेकच्या आधी गुपचूप कुकर लावून ठेवला. ऐन दुःखात शिट्टी झाली. मग खोकला आला. मग मच्छर मारला. एकदा तर राजपुत्राच्या तोंडून मी, "बाळा, तू सकाळपासून काही खाल्लंस का?" असंही विचारलं. ती डोक्याला हात लावून बसली. "आजी, तू काय करायलीस!" पुण्याची पोरगी चिडली की लातूरचं बोलते, हे मला तेव्हा कळलं.

तिकीट रद्द झालं. संध्याकाळी आम्ही पिठलं-भाकरी केली, ती माझ्याच अंथरुणात पाय घालून झोपली. घरात दुसरा श्वास ऐकत मी पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी तिनं खुर्ची हलवली. "इथं बस. तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडं." तिला उजेड हवा होता, एवढंच. पण त्या दारात चहाचा कप घेऊन ते उभे राहायचे, माझी कुरकुर ऐकत. दार रिकामं होतं.

मी बोलायला लागले. जिथं पूर्वी पडदा पडला होता तिथं आले, थांबले. कपाळाला हात नाही लावला. त्या दाराकडं बघत उरलेलं सावकाश सांगितलं, विंगेतल्या माणसाला सांगावं तसं. संपलं तरी नात कॅमेरा बंद करेना. मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "झालं, आजी."

संध्याकाळच्या बसला सोडायला मी रिक्षातून स्टँडवर गेले. खिडकीतून ती म्हणाली, "काल तू मुद्दाम चुकत होतीस ना?"

"हाव."

"मग आज बरोबर का केलंस?"

"चुकायचं विसरले गं."

बस गेली. घरी येऊन दार लावलं. खुर्ची तिनं ठेवली तशीच होती, दाराकडं तोंड करून. तिला जागेवर सरकवायला वाकले, मग राहू दिलं. एका कपाचा चहा टाकला आणि त्या खुर्चीवर बसून दाराला म्हटलं, "पोचल्यावर फोन करीन म्हणाली हाय."