पाटी नसलेला निरोप

मुंबईच्या सहार विमानतळावर तेव्हा पोचवायला आलेल्यांना काचेच्या आत सोडत नसत. सांगलीहून एसटीनं माझ्याबरोबर आलेले अण्णा, माझे वडील, काचेला नाक लावून उभे होते. शेजारी आई. सिंगापूरच्या नोकरीसाठी निघालेला मी ट्रॉली ढकलत आत गेलो, मागं वळून पाहिलं, तेव्हा अण्णांचे ओठ हलले. दोन-तीनच शब्द असतील. मला काही ऐकू आलं नाही. मी आपली मान डोलावली आणि रांगेत उभा राहिलो. तुमच्यापैकी जे नव्वदच्या दशकात असेच बाहेर पडले, त्यांना ती काच आठवत असेल. जे काचेबाहेर राहिले त्यांना तर नक्कीच.

अण्णा नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून. पण त्यांचा जीव होता जुन्या अमेरिकन सिनेमात. गावातल्या चार मित्रांना गोळा करून त्यांनी फिल्म सोसायटी काढली होती. मुंबईहून पत्र्याच्या डब्यांतून रिळं यायची आणि शाळेच्या हॉलमध्ये दाखवली जायची. घोड्यांवरचे काऊबॉय, टोपीवाले गुंड, नाचगाण्यांचे भपकेबाज बोलपट, सगळं आम्ही तिथंच पाहिलं. हॉलिवूड हे कोल्हापूरच्या जरा पुढं असावं असा माझा बरीच वर्षं समज होता.

अण्णांचं खरं प्रेम मात्र मूकपटांवर. त्यात कुणी बोललं की पडद्यावर इंग्रजी पाटी येते. हॉलमधल्या बहुतेकांना ती वाचता यायची नाही, म्हणून अण्णा पडद्याच्या कडेला उभे राहून प्रत्येक पाटी खणखणीत मराठीत सांगायचे, आणि त्यात पदरची भर घालायचे. त्यांच्या कृपेनं अमेरिकेतला शेतकरी बायकोला "अगं ए" अशी हाक मारायचा.

एक मूकपट सोसायटीत पुन्हा पुन्हा यायचा. मुलगा शहराला निघालाय, बाप स्टेशनवर उभा आहे. गाडी हलते, बाप काहीतरी बोलतो आणि पाटी येतच नाही. मग अंधारातून पहिला आवाज आईचा यायचा, "अहो, काय म्हणाला तो?" अण्णा दर वेळी वेगळं सांगायचे. एकदा "डबा घेतलास का?", एकदा "पोचल्याची तार कर." सगळा हॉल हसायचा.

सिंगापूरला मी तांजोंग पगारच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायचो आणि पासिर रिसच्या एका फ्लॅटमध्ये भाड्याच्या खोलीत राहायचो. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, कुणी कुणाकडे बघत नसे. हॉकर सेंटरमध्ये, स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, मी एकट्यानं जेवायचो. बोलायला कुणी नाही म्हणून एका ग्रंथालयात अमेरिकन सिनेमाच्या इतिहासाचा वर्ग लावला. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक सिनेमा, मग चर्चा. एका संध्याकाळी तोच मूकपट लागला. बापाचे ओठ हलले, पाटी आली नाही आणि कुणीही हसलं नाही. नंतर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की तिथली पाटी दिग्दर्शकानं मुद्दाम गाळली आहे, कारण अशा वेळी बाप जे बोलतो ते मुलापर्यंत पोचतच नसतं. मला हुंदका आवरेना. शेजारच्या चिनी मुलीनं टिश्यूचं पाकीट पुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "अण्णा, त्या दिवशी काचेपलीकडून काय म्हणालात तुम्ही?"

ते म्हणाले, "दिवाळीला येतोयस ना? तेव्हा सांगतो. फोनवर सांगण्यासारखं नाही ते."

दिवाळीला रजा मिळाली नाही. पुढं थंडीत अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. मी पोचलो तेव्हा ते कुशीवर पडून होते, आई उशाशी. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. अण्णांचे ओठ हलले. आवाज नव्हता.

"काय म्हणतात रे?" आईनं विचारलं. आयुष्यभर हा प्रश्न तिनं अण्णांना केला होता. आता तो माझ्याकडे आला.

"लवकर ये, म्हणाला होतात का?" मी विचारलं. अण्णांनी मान हलवली. नाही.

"सांभाळून राहा?" नाही.

"जाऊ नकोस?"

यावर त्यांनी मान हलवली नाही. डोळे मिटून घेतले. ते दमले होते की ते उत्तर होतं, मला अजून कळलेलं नाही. रजा संपली, मी परत आलो. पुढच्या वेळी गेलो तो त्यांच्या दहाव्याला.

आता पासिर रिसमध्येच आमचा स्वतःचा फ्लॅट आहे, लग्न झालं, मुलगी शाळेत जाते. परवा ग्रंथालयातून त्या मूकपटाची टेप आणली. मुलगी मांडीवर डोकं ठेवून बघत होती. गाडी हलली, बापाचे ओठ हलले.

"बाबा, व्हॉट ही सेइंग?"

अण्णांसारखं नवीन काही सुचेना. "डबा घेतलास का, म्हणतोय." ती खुदकन हसली. मग म्हणाली, "देन ही गो बॅक ऑर नॉट?"

"जातो, शेवटी. पण तोवर घराला कुलूप असतं."

"लेट ऑल्सो कॅन, लाह," म्हणजे उशीर झाला तरी चालतं, असं इथल्या इंग्रजीत मला समजावून ती उरलेला सिनेमा बघू लागली.

सांगलीला आई एकटीच असते. इकडे यायला तयार नाही. रविवारी फोन केला की सगळं बोलून झाल्यावर ती विचारते, "ते काय म्हणत होते, लागला का रे काही अंदाज?" घर म्हणून माझ्याकडे आता एवढंच उरलंय, हे विचारणारं एक माणूस. मी म्हणतो, "नाही गं, अजून नाही." "जाऊ नकोस?" असं मी विचारलं तेव्हा अण्णांनी डोळे का मिटले, हे तीही विचारत नाही.