तिकडची दिवेलागण

ऑक्टोबर सरत आला की नांदेडच्या संध्याकाळला सोयाबीनच्या भुसकटाचा कोरडा, घसा खवखवणारा वास येतो; नायगावकडून, भोकरकडून मोंढ्याच्या धान्यबाजारात येणारे टेम्पो तो मागे सोडून जातात आणि पिवळट, धूसर उजेडात तो कितीतरी वेळ तरंगत राहतो. त्या वासात मला स्वस्थ बसवत नाही. मामाच्या गच्चीवर मी फेऱ्या मारत राहते आणि खाली मामी शेजारणीला सांगत असते, "आईचा फोन यायचा टाइम झाला की हिचं असंच असतंय, लई घिरट्या घालते."

आई नर्स. गेली काही वर्षं ती इस्रायलमधल्या समुद्राकाठच्या एका गावी एका वृद्ध यहुदी बाईंची शुश्रूषा करते. बाई मूळच्या अलिबागेकडच्या. तरुणपणी तिकडे गेल्या, पण मराठी त्यांच्या जिभेवरून गेली नाही, आणि मराठी बोलणारी सोबत हवी म्हणूनच आईला बोलावणं आलं. मी त्यांना आजी म्हणते. त्यांच्या घराण्यात तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद असे, म्हणून गाव त्यांना शनिवारतेली म्हणायचं, हे त्या अजून ऐटीत सांगतात. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यावर खोबरेल तेल आणि तेलात वात. ती लावताना त्यांचा हात कापतो, तेव्हा आई मनगट धरते. घरी पौर्णिमेला बुद्धवंदनेआधी मेणबत्ती लावणाऱ्या आईला त्यात परकं काही वाटलं नाही. वात पेटली की शब्बाथ, त्यांचा विसाव्याचा दिवस, सुरू. मग शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत त्या घरात फोन नाही, टीव्ही नाही. आईला बंधन नाही, पण आजींसमोर फोन घेऊन बसणं तिला नको वाटतं. तो ती कपाटात ठेवते. त्यामुळे एरवी ती आजींच्या दुपारच्या झोपेत फोन करते आणि शुक्रवारी दिवा लागण्याआधी.

तिकडे वर्षातून दोनदा घड्याळं सरकवतात, हिवाळ्याच्या तोंडाशी तासभर मागे. त्या रविवारपासून आईचे दुपारचे फोन आमच्याकडे साडेचारऐवजी साडेपाचला येऊ लागले. पहिल्या दिवशी तो रिकामा तास मला पायात अडकलेल्या ओढणीसारखा वाटला, बातम्यांत ऐकलेले तिकडचे सायरन डोक्यात वाजत राहिले. पण पुढे सवय झाली, आणि मी शुक्रवारचा फोनही मनातल्या मनात तासभर पुढे ढकलून टाकला.

त्याच आठवड्यात आई म्हणाली होती, "करार संपत आलाय. आजीचा मुलगा शुक्रवारी जेवाया येणार, तवाच विचारणार. तू सांग मला, राहू का येऊ? शुक्रवारपोत्तर सांग, पण सांग बाई."

मी "हं" म्हटलं. मागून झोप चाळवलेल्या आजींचा आवाज आला, "तुझी पोर मुकी आहे का गं? इतकी फी भरून हं-हं शिकली?"

फी खरोखरच तिकडून येत होती. इंग्रजी शाळेत मी सगळं नीट, व्याकरणशुद्ध बोलायला शिकले आणि घरी मनातलं बोलायची वेळ आली की दोन्ही भाषा दाराआड उभ्या राहत. मला म्हणायचं होतं, ये. एवढंच. पण ते म्हणजे तिनं इतकी वर्षं जे केलं ते पुरे, असं सांगणं. आणि ते सांगायचा हक्क मला आहे की नाही, हेच कळत नव्हतं.

शुक्रवारी फोन चार्जिंगला लावून मी गोदावरीच्या घाटावर गेले. अजून वेळ आहे, असं समजून. अंधारात पाणी दिसत नव्हतं, फक्त त्याचा ओला, शेवाळी वास पायऱ्या चढून वर येत होता. मी तो एक शब्द पुटपुटून पाहत होते आणि कुणी जवळून गेलं की खोकल्यासारखं करत होते.

घरी आले तर मामी म्हणाली, "आल्ता की फोन, मघाच! पोरगी कुठंय म्हणली, मी म्हणलं फिराया गेली. 'गेली का,' म्हणली अन् ठेवला."

मी फोन लावला. बंद होता.

जिन्यात उभी असताना माझ्या ध्यानात आलं: घड्याळ मागे गेलं होतं, सूर्य मागे गेला नव्हता. दुपारची झोप तिकडच्या काट्यांवर चालत होती, म्हणून ती आमच्या घड्याळात सरकली. दिवा मात्र मावळतीला बांधलेला, तो आमच्या घड्याळात मागच्या शुक्रवारच्याच सुमारास लागला. पण "गेली का" या दोन शब्दांत आईनं काय समजून घेतलं असेल? पोरीला सांगायचंच नाही, असं? आणि जेवणाच्या पानावर ती आजींच्या मुलाला काय म्हणाली असेल?

दुसरा दिवस मी कपड्यांच्या घड्या घालत, त्या पुन्हा विस्कटत काढला. आमच्याकडे तारे लवकर उगवले. तिकडे अजून लख्ख ऊन असेल, या विचाराने ते मला उगाच उतावळे वाटले. जेवणं आटोपल्यावर फोन आला.

"मुद्दाम गेल्तीस का गं?" आईनं विचारलं.

"नाही. मला वाटलं, शुक्रवारचाही तास सरकला."

ती हसली. "माणसाच्या घड्याळाला दिवा थांबतोय व्हय? मुलाला म्हणलं, पोरगी बोलल्याबिगर मी काही सांगणार न्हाई. आता उद्या सांगते त्याला."

"आई, ये," मी म्हटलं.

मग जरा दूरवरून आजींचा आवाज, "काय म्हणाली पोर?" त्या आवाजात कालपर्यंतची थट्टा नव्हती. आई उत्तर देत नव्हती, आजी पुन्हा विचारत नव्हत्या. इतके दिवस तो शब्द माझ्या तोंडून निघेल की नाही, एवढ्याच तगमगीत मी होते. तो कुठल्या घरात जाऊन पडेल, हे मनातही आलं नव्हतं. माझं "ये" त्या खोलीत एका म्हाताऱ्या बाईला "जा" असंच ऐकू गेलं असणार. तरी मी तो मागे घेतला नाही. फोन कानाशी गच्च धरून त्या दोघींमधली शांतता ऐकत राहिले.