देवीही नव्हती, ढोंगही नव्हतं

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. कधी, तेही सांगते: मागच्याच्या मागच्या नवरात्रात, अष्टमीला, सकाळी दूध तापल्यापासून दिवेलागणीपर्यंत. अख्खा दिवस हाताशी होता. अन्याय करणाऱ्यांत पहिली मी.

ती बारा वर्षांची, मी एकोणीस. घर जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांमागच्या बोळात. गोरी ती. दुधावरची साय तिची. सातवी पास झाले मी, पण पाव्हणे आले की बाहेर बोलवायचे तिला. जळायला मला एवढं पुरे होतं.

त्या श्रावणापासून ती वाळायला लागली. चार-चार भाकरी खायची आणि परकराची नाडी रोज आवळून घ्यायची. "किती नाजूक झाली गं," असं म्हणून बाया माझ्या दंडाकडं बघायच्या. तांब्यामागून तांब्या पाणी ती प्यायची. रांजण भरायचे मी. सारखी लघवीला पळायची. न्हाणीत मुंग्यांची रांग लागली, तेव्हा मी तिचा कानच धरला.

"हितं बसून गूळ खाती का गं?"

"न्हाई आक्का, तुझी शपथ."

चुलीपुढून माय म्हणाली, "खाल्ला तर खाल्ला. तुझ्या पोटात का दुखतंय?"

दुखत होतंच.

त्याच वर्षी मी अंगात येण्याविरुद्ध पत्रक काढलं होतं. सरकारची सभेला मुभा नव्हती, म्हणून दारोदार फिरून वाटलं. 'देवी अंगात येत नाही, ढोंग अंगात येतं' हे वाक्य माझं. लई अभिमान होता मला त्याचा. दुसऱ्या दिवशी फुटाणेवाल्यानं त्या पत्रकांच्याच पुड्या बांधल्या. भांडायला म्हणूनसुद्धा कुणी आलं नाही.

अष्टमीला सकाळी बहीण ओकली. मग पुन्हा, मग पुन्हा. माय म्हणाली, उपासानं पित्त झालं. थोड्या वेळानं तिचा श्वास बदलला. लोहाराच्या भात्यासारखा, पोटातून, खोल आणि भरभर. खांदे वर-खाली होत होते. डोळे अर्धे मिटलेले. शेजारची काकू तिच्यावर वाकली आणि एकदम मागं सरून तिनं हात जोडले.

"अगं बाई, तोंडाचा वास बघा! पिकल्या केळाचा! आई आलीय, पोरगी घुमून राह्यली!"

घटकाभरात बोळ भरला. बायांनी तिला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, गुळाचं पाणी पाजलं. एकीनं विचारलं, सुनेला मुलगा होईल का? एकीनं विचारलं, हरवलेली म्हैस कुठं सापडेल? मी उंबऱ्यात उभी होते. एवढी माणसं माझ्यासाठी जन्मात कधी जमली नव्हती. आणि ही, धड पाढे न येणारी, नुसता श्वास टाकत होती आणि बाया पाया पडत होत्या.

गर्दीत घुसून मी तिची हनुवटी धरली. "पुरे कर. सोंग कळतंय मला."

तिनं डोळे उघडले. "आक्का, पोट लई दुखून राह्यलंय. पाणी दे ना."

"देवीला कशाला गं पाणी?" मी म्हणाले.

बाया माझ्यावर तुटून पडल्या. माझं समाधान झालं. कुणी तरी माझ्याशी भांडलं होतं. पण तिचं ते बोलणं नीट ऐकलं कुणीच नाही. देवी असं बोलत नाही आणि ढोंगी मुलगीही असं बोलत नाही. मला ते कळायला हवं होतं.

दिवे लागले तेव्हा ती हाकेला ओ देईना. बाबा दुकानातून आले, तिला टांग्यात घातलं, मलाही बसवलं आणि नदीपलीकडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी तिच्या तोंडाचा वास घेतला. मग निळ्या औषधात तिची लघवी घालून तापवली. निळ्याचं विटेसारखं लाल झालं.

"साखरेचा आजार आहे," ते म्हणाले. "रक्तात साखर भरपूर, पण शरीराला ती वापरता येत नाही. मग चरबी जळते, आणि तिचं आम्ल रक्तात साठून विष होतं. ते बाहेर टाकायला श्वास असा चालतो. सकाळी का आणलं नाही?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, "आम्ही भांडत होतो."

इन्सुलिन त्यांच्या कपाटात होतं. सुई टोचली, शिरेतून मिठाचं पाणी दिलं. नवमीचं ऊन पायरीवर यायच्या आत ती गेली.

आता आमच्या बोळाच्या तोंडाशी तिच्या नावाचा शेंदूर फासलेला दगड आहे. गेल्या अष्टमीला तिथं रांग लागली होती. खरं सांगते, ती रांग बघून मला पुन्हा हेवा वाटला. मेलेल्या बहिणीचा.

म्हणून तुमच्याकडं एवढंच मागते. पोर सारखं पाणी पितं, सारखं लघवीला जातं, खाऊनही वाळतं? आजच लघवी तपासून आणा. आणि ते ओकायला लागलं, पोट धरून बसलं, भात्यासारखा श्वास टाकू लागलं, तोंडाला फळांचा वास आला, तर घटकाभरही थांबू नका. ओटी भरू नका, माझ्यासारखं खेकसू नका. टांगा नसेल तर पाठीवर घ्या. दवाखान्याच्या पायरीवरूनच ओरडा, 'साखर बघा, आत्ताच!' आणि वाटेत शुद्धीवर असून त्यानं पाणी मागितलं, तर द्या.